खोक्यावर अठ्ठेचाळीस होते

बायकोला जाऊन आठ महिने झाले. भेटायला येणारे अजून येतात, चहा पितात आणि उठताना सांगतात की आता जुनं उगाळू नका, देवाचं नाव घ्या. देवाचं नाव मी घेईन. त्याच्या आधी एका कागदाबद्दल लिहायचंय. त्या कागदावर मी सही केली होती. करू नका असं तिने सांगितलं होतं. नंतर वर्षा-दोन वर्षांनी तिला आठवण यायची आणि ती विचारायची, "त्या कागदाचं काय केलंत?" मी काही केलं नव्हतं. आता विचारणारी गेली आणि मी इथे पेणला तिच्या माहेरच्या आळीत दोन खोल्यांत बसलोय. राग कुणावर काढू?

मी चौथी शिकलेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळ्यांनी तेच पुढे केलं.

नव्वदनंतरची गोष्ट. रोह्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका कंपनीत मी ऑपरेटर होतो. कापडाच्या रंगाला लागणारा कच्चा माल तिथे व्हायचा. माझ्या ताब्यात एक मोठं बंद भांडं होतं, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खोल. आम्ही त्याला केटल म्हणायचो. आत माल शिजायचा आणि वर बसवलेली मोटार दांडा फिरवून तो ढवळत राहायची. माल पातळ असला की मोटार हलकी चालते, घट्ट होत गेला की तिला जोर लागतो. तो जोर अँपिअरमध्ये मोजतात. मोटारीच्या पाटीवर एक्केचाळीस अँपिअर कोरलेलं होतं, म्हणजे त्याच्या वर नेऊ नका. दर तासाला मीटर बघायचा, आकडा लॉगबुकात लिहायचा, पुढे सही करायची, हे माझं काम.

मीटर काट्याचा होता. मूळचा कधीतरी जळाला तेव्हा वायरमनने दुसऱ्या पॅनलचा काढून त्या जागी बसवला, आणि तो निम्मंच दाखवायचा. काटा अठरावर असला तर खरे छत्तीस. नवा मागवलाय, नवा मागवलाय असं ऐकत अकरा वर्षं गेली. पॅनलच्या पत्र्यावर आम्ही खडूने 'दुप्पट' असं लिहून ठेवलेलं होतं. पुसलं गेलं की पुन्हा लिहायचो. नवा माणूस आला की त्याला पहिलं हेच शिकवायचं: बघ, दुप्पट कर, लिही. शिकवायचं काम माझ्याकडे, म्हणून अख्ख्या प्लांटमध्ये माझं नाव 'दुप्पट' पडलं. कँटीनवाला वाढताना विचारायचा, "काय दुप्पट, भात एकदा का दोनदा?"

"दोनदा वाढ. तुझ्या बापाचा हाय काय भात?"

असं चाललं होतं. मग ड्राइव्ह आला.

ड्राइव्ह म्हणजे मोटारीला वीज किती आणि कशी द्यायची ते ठरवणारं राखाडी खोकं. त्याच्यामुळे मोटार हवी तेवढी हळू किंवा जोरात फिरवता येते. तोंडावर चार बटणं आणि लाल आकडे. ते बसवायला ठाण्याहून एक मेकॅनिक आला होता. माझ्याच वयाचा, पान खाणारा. कंपनीतल्या एकाही साहेबाने कधी मला असं नीट समजावून सांगितलं नाही.

"भाऊ, ही वही समजा," तो म्हणाला. "प्रत्येक पानाला नंबर हाय. नंबर लावायचा, हे बटण दाबायचं, पानावर काय लिहिलंय ते दिसतं. हे वेगाचं पान. हे अँपिअरचं."

"आणि मधी ही टिकली कसली?"

"टिकलीच्या पुढचा आकडा म्हणजे चिल्लर. तो सोडून द्या."

"दुप्पट करायचं का?"

"कशाला? हा अर्धवट नाय दाखवत. जे दिसतंय ते लिहा."

तो समोर असतानाच मी पहिलं रीडिंग घेतलं. खोक्यावर छत्तीस होते. मी बहात्तर लिहिलं. अकरा वर्षांचा हात तो, डोक्याला न विचारताच चालला. मेकॅनिक हसला. मी बहात्तरवर काट मारली, बाजूला छत्तीस लिहिलं आणि शिस्तीप्रमाणे काटछाटीपाशी सही केली. त्यानंतर एकदाही चुकलो नाही. हे मी शपथेवर सांगतो आणि ज्याला पटत नसेल त्याने हे पुढे वाचू नये.

ड्राइव्हबरोबर एक कॉम्प्युटरही आला. तो प्लांटमध्ये नाही, इंजिनियर साहेबाच्या गार केबिनमध्ये. खोक्यातून एक बारीक वायर तिथपर्यंत नेलेली. साहेबाला खुर्चीत बसून मोटारीचे अँपिअर दिसायला लागले. साहेब नवीन होता, पंचविशीचा, शर्ट पांढराशुभ्र. प्लांटमध्ये आला की नाकाला रुमाल. कॉम्प्युटरमध्ये कुठला आकडा कशाने गुणायचा ते त्यानेच भरलं होतं.

महिनाभराने त्याने मला बोलावलं. टेबलावर माझं लॉगबुक, शेजारी कॉम्प्युटरचा छापील कागद. माझे छत्तीस, त्याचे अठरा. माझे चौतीस, त्याचे सतरा. पानामागून पान, बरोब्बर निम्मं.

"मामा, अजून दुप्पटच करता ना?" तो हसत म्हणाला.

"नाय साहेब. खोक्यावर दिसतं तेच लिवतो."

"मग हे काय?" त्याने बहात्तरवरच्या काटछाटीवर बोट ठेवलं. "तुमचीच सही आहे. एकदा लक्षात आलं म्हणून खोडलंत. बाकीच्या वेळी?"

आता ह्यात एक गंमत आहे ती बघा. मी अठराचे दुप्पट करत असतो तर छत्तीस आले असते आणि छत्तीस बरोबर वाटून मी गप्प बसलो असतो. मी तर छत्तीसचे बहात्तर केले आणि खोडले. म्हणजे खोक्यावर छत्तीसच होते. चौथी शिकलेल्याला हे कळतं. मी त्याला हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या क्लार्ककडे बघून भुवई उडवली. त्या भुवईचा मला अजून राग येतो.

"साहेब, चला, खोक्यावर दाखवतो."

दोनदा म्हणालो. तिसऱ्या वेळी आला तो केटल धुवायच्या दिवशी. आत नुसतं पाणी. पाणी ढवळायला काय लागतं? खोक्यावर चौदा होते. "हे बघा, चौदा. आणि तुम्ही छत्तीस लिहिता," असं म्हणून निघाला. तेव्हाच कोणी केबिनमध्ये जाऊन बघितलं असतं तर तिथे सात दिसले असते आणि सगळा घोळ तिथल्या तिथे सुटला असता. माझ्याही डोक्यात आलं नाही. त्या दिवशी मला त्याच्या मागे धावायला हवं होतं.

पुढे त्याने जे केलं ते अठराच्या भरवशावर केलं. मोटार एक्केचाळीसची आणि चालते अठरावर, म्हणजे निम्मी ताकद फुकट, असा त्याचा हिशेब. त्याने माल वाढवला आणि पाणी कमी केलं. माल चिक्कीसारखा घट्ट व्हायला लागला. खोक्यावर चव्वेचाळीस, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस. खोकं दोनदा स्वतःहून बंद पडलं, तोंडावर आकड्यांऐवजी अक्षरं आली. ते सांगत होतं की जास्त होतंय. साहेबाने पुस्तक काढलं, खोकं कधी बंद पडावं त्याचं पान शोधलं आणि तो आकडा वर चढवला. त्यात घट्ट मालापायी मोटार हळू ठेवलेली होती आणि तिला गार करणारा पंखा तिच्याच दांड्यावर, म्हणजे तोही हळू. हात लावला तर चटका बसायचा.

मी लिहीत होतो. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. शेऱ्यात लिहिलं, 'मोटार गरम, आवाज वेगळा'. मला वाटलं लेखी आहे म्हणजे कोणी बघेल. बघितलं, आणि मला कागद दिला. टाइप केलेला. त्यात होतं की मी जुन्या सवयीमुळे आकडे दुप्पट करून लिहिले, त्यामुळे रेकॉर्ड खोटं झालं, ही माझी चूक आहे आणि यापुढे मी कॉम्प्युटरवर दिसेल तोच आकडा लिहीन. खाली माझं नाव आणि सहीला जागा. उद्या सही करून आणा, नाहीतर उद्यापासून गेटवर कार्ड मिळणार नाही.

तेव्हा आम्ही रोह्यात नदीच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहायचो. पहिल्या शिफ्टवरून घरी आलो तर बायको दारात सुपात पोहे पाखडत बसली होती. पोहे तिच्या भावाच्या गिरणीतले. तिचं लहानपण पेणला पोह्यांच्या गिरणीत गेलं, भट्टीशी. तिला वाचता यायचं नाही. मी कागद वाचून दाखवला.

सूप खाली ठेवून तिने विचारलं, "तुमी काय बगितलंत?"

"अठ्ठेचाळीस."

"मग चूक कसली झाली?"

"झाली नाय. तसं लिवून द्यायचंय."

"न झालेल्या चुकीवर सही करनार तुमी?"

"मग काय करू? गेटवर उभा राहू? कंत्राटात टाकतील."

"टाकू दे. भावाच्या गिरणीत भात उपसायला माणूस लागतोच हाय."

"तुझ्या भावाकडे? तो जेवताना घास मोजतो माझे."

"तो सगल्यांचेच मोजतो, तुमचेच कशाला." मग म्हणाली, "मोटारीचा आवाज कसा येतोय?"

"घोगरा."

"वास?"

"हाय थोडा. करपल्यासारखा."

"मग ती सांगतेय की तुमाला. आमच्याकडं भात जास्त पडला की पट्टा असाच गुरगुरतो. बाबा काय मीटर बघायचे? हात लावायचे आणि भात थांबवायचे. तुमच्या सायबाला म्हनावं, केबिनीतनं उठ आणि हात लाव."

"त्याला कोण म्हणणार?"

"तुमी म्हना. नायतर मी येते."

"तू गप बस गो," असं मी म्हणालो. हेच म्हणालो. तिने सूप उचललं आणि ती पोहे पाखडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी सही केली. पेन क्लार्कचं होतं. नाव पूर्ण लिहा म्हणाला, तर पूर्ण लिहिलं. त्यानंतर चारपाच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पाणी तापलंय. डबा भरलाय.

सही केली ह्याचं मला एवढं वाटत नाही, जेवढं त्यानंतरच्या तीन आठवड्यांचं वाटतं. दर तासाला केबिनमधून फोन यायचा, "लिहा, चोवीस." समोर खोक्यावर लाल अठ्ठेचाळीस. मी त्यांच्याकडे बघत चोवीस लिहायचो आणि सही करायचो. शेरे लिहायचे सोडून दिले. माझ्या मनात काय होतं ते खरं सांगतो. माझ्या मनात होतं, जळू दे. तुझीच मोटार, तुझाच कॉम्प्युटर, जळू दे. ती जळली तर मी खरा ठरेन, असं मला वाटत होतं. मूर्ख माणूस. ज्यांना शिव्या द्यायच्यात त्यांत पहिला मी.

सकाळी अकराच्या सुमाराला जळली. धूर फार नाही, वास मात्र गेटपर्यंत. ढवळणं थांबलं, केटलमधला माल थंड होत गेला आणि संध्याकाळपर्यंत आत दगड झाला. तो फोडून काढायला दोन दिवसांनी वसाहतीमागच्या वाडीवरची माणसं आणली, कंत्राटातली. छिन्नी-हातोडी घेऊन वरच्या भोकातून आत सोडली, कमरेला दोर बांधून. तोंडाला ओलं फडकं. कायम नोकरीवाल्यांपैकी कोणाला आत उतरायला सांगितलं नाही. दोर धरायला आम्ही होतो. मी धरलेल्या दोराला जो होता तो तिशीचा असेल, हसरा. उतरताना म्हणाला, "मामा, सोडू नका हां, माझी बायको लय तापट हाय."

पाऊण तासाने दोर ढिला पडला. हाक मारली, उत्तर नाही. ओढून काढला तेव्हा डोळे पांढरे होते आणि तळपाय सोललेले. आतल्या मालाने सोलले. तो वाचला. पण छातीत काहीतरी बसलं ते कायमचं. पुढे वीटभट्टीवर जायचा, तेही सुटलं.

नवी मोटार आली तेव्हा ठाण्याचा तोच मेकॅनिक परत आला. खोक्यावरचा आकडा त्याने बघितला, केबिनमध्ये जाऊन कॉम्प्युटरवरचा बघितला आणि साहेबाला विचारलं, "हे निम्मं कोणी केलं?" मी दारात उभा होतो. तो म्हणाला की वायरीतून आकडा जात नाही, नुसता विजेचा दाब जातो, शून्यापासून दहापर्यंत. दहा म्हणजे किती अँपिअर, ते दोन्हीकडे सारखं भरावं लागतं. ड्राइव्हमध्ये दहा म्हणजे मोटारीच्या आकड्याच्या दुप्पट असं कारखान्यातूनच ठरून आलेलं असतं, पुस्तकात लिहिलंय. कॉम्प्युटरमध्ये एकपट भरलेलं होतं. त्याने एक आकडा बदलला. दोन मिनिटं लागली नाहीत. कॉम्प्युटरवर खोक्याइतकाच आकडा आला.

साहेब म्हणाला, "अच्छा."

एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी वाट बघत उभा राहिलो. मग तो म्हणाला, "मामा, दार लावून घ्या, गार हवा जाते."

चौकशी झाली. लॉगबुक उघडलं तर शेवटचे तीन आठवडे चोवीस, चोवीस, तेवीस, चोवीस. माझं अक्षर, माझी सही. शेजारी कॉम्प्युटरचा त्या वेळचा छापील कागद लावला, त्यातही चोवीस. दोन्ही जुळत होते. मोटार जपून चालवली जात होती आणि तिचं बेअरिंग गेलं, असं ठरलं. कोणाचीच चूक नाही. मी तोंड उघडलं तेव्हा मोठ्या साहेबांनी फाईलमधून माझा कागद काढला आणि टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवला.

नंतर मी तो परत मागायला गेलो होतो. मोठे साहेब म्हणाले, "फाईलला लागलाय तो. त्याने तुमचं काय अडलंय? नोकरी आहे ना?" घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "नोकरी हाय, हे काय उपकार म्हनून सांगतो काय तो?" मी म्हणालो, आता विषय बंद. तिने बंद केला नाही. एक दिवस पोह्यांचं गाठोडं घेऊन वाडीवर गेली, त्या माणसाच्या घरी, आणि त्याला आणि त्याच्या बायकोला सगळं सांगून आली. माझ्या नवऱ्याला खरा आकडा दिसत होता आणि त्याने खोटा लिहिला, असं.

मी तिच्यावर फार ओरडलो. इतका कधी ओरडलो नव्हतो. "तुझं काय काम व्हतं तिथं?"

"तुमी सांगनार नव्हतात," ती म्हणाली.

मी निवृत्त झालो, पेणला आलो. ती अधूनमधून वाडीवर जात राहिली, मी एकदाही गेलो नाही. गेल्या महिन्यात कंपनीच्या गेटवर गेलो, कागद मागायला. कंपनीचं नाव बदललंय. केटल भंगारात गेली, जुन्या फायली कुठे ते कोणाला माहीत नाही. गेटवरचा म्हणाला, "आजोबा, कुठला कागद? सावलीत बसा जरा." त्याला चार गोष्टी सुनावल्या. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

तिथून वाडीवर गेलो. तो अंगणात खाटेवर होता. ओळखलं त्याने. माझी बायको गेल्याचं त्याला कळलेलं होतं. मी उभ्याउभ्याच बोलायला लागलो, खोकं, चोवीस, अठ्ठेचाळीस, कागद. त्याने मधेच हात वर केला.

"बाईनं सांगितलंय मला. कवाच."

"मग तू कधी विचारलं नाहीस मला?"

"मी काय विचारू? बाई म्हनायची, येतील ते. आज येतील, उद्या येतील." खोकला थांबेपर्यंत थांबला. "मोटार जळनार, हे तुमाला ठावं व्हतं?"

"होतं."

"आणि तुमी दोर धरला व्हता."

"धरला होता."

त्याची बायको पाणी घेऊन दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. तो म्हणाला, "जावा आता. पाचची एसटी गेली तर मंग गाडी नाय."

मी गेलो नाही. खाटेच्या पायाशी जमिनीवर बसलो. एसटी आली, थांबली, गेली. त्याने मला बसा म्हटलं नाही आणि उठाही म्हटलं नाही.